तीन मिनिटं

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता गेणभाऊंनी खेळ सुरू झाल्याचं पुकारलं. गेणभाऊ निवृत्त मास्तर आणि या सामन्याचे पंच. पिंपरी पेंढारच्या मैदानावर तेव्हा एकच फलंदाज उभा होता. ज्ञानेश्वर, दुधाच्या टेम्पोचा ड्रायव्हर, चार धावांवर नाबाद. पहिला चेंडू खेळायचा होता त्या टोकाला कुणी नव्हतं.

जुन्नर आणि आंबेगावचा लाल चेंडूचा दोन दिवसांचा सामना. जुन्नरचे नऊ गडी बाद, जिंकायला तेवीस धावा. त्या रिकाम्या टोकाचा फलंदाज ऋषी शनिवारी संध्याकाळी एक्क्याऐंशीवर नाबाद परतला होता. नाबाद फलंदाजानं रात्री आपली बॅट पंचांच्या घरी ठेवायची, ही इथली रीत. बॅट ठेवली म्हणजे माणूस सकाळी येणार. ती बॅट गेणभाऊंच्या काखेत होती.

ऋषी आला, पण मोटारसायकल सीमारेषेवरच थांबवली. इंजिन बंद केलं नाही. अंगात नवी कोरी पिवळी जर्सी, पाठीवर प्लॉटिंगवाल्याची जाहिरात.

गेणभाऊ त्याच्यापर्यंत चालत गेले. "पॅड बांध."

"मास्तर, साडेधाला आणे गावात मॅच हाय माझी. टेनिस बॉलची लीग. रातच्याला लिलाव झाला, प्लॉटिंगवाल्या बाळासाहेबांनी घेतलं मला. एकवीस हजार."

"तेवीस रन राह्यलेत. तासाभराचं काम."

"आन त्या तासाचं काय देता तुमी? वडापाव?" ऋषीचा आवाज चढला. "कितीक देशांची बोर्डं कसोटी तोट्यात चालवत्यात. दोन मॅचमधी मालिका उरकत्यात. त्यांला परवडंना, आन तुमी हितं आमाला दोन-दोन दिस उन्हात उभं करता. कुणासाठी? बघाया हाय का कुणी?"

बघायला दोन म्हातारे होते आणि एक कुत्रं.

"सरळ बॅटनं खेळायला कुठं शिकलास रं?"

"हितंच. म्हणून तर बोली लागली."

गेणभाऊंनी ही खेळपट्टी महिनाभर स्वतः केली होती. बिबट्यामुळं उजाडायच्या आत बाहेर पडता येत नव्हतं, म्हणून उन्हात रोलर ओढला होता. त्यांनी बॅट ऋषीच्या छातीला टेकवली.

"घिऊन जा. माझ्या घरात नको ही."

"ठिवा तुमालाच. टेनिसची बॅट येगळी असती. हलकी."

मोटारसायकल आळेफाट्याच्या दिशेनं गेली.

गेणभाऊ घड्याळ बघत आंबेगावच्या कप्तानाकडे, धर्माजीकडे आले. या सामन्याचा नियम जुना होता. फलंदाज तीन मिनिटांत आला नाही तर तो बाद. पण समोरच्यांनी अपील केलं तरच.

"सहा मिनिटं झाली, धर्माजी. अपील कर."

"न्हाई."

"कर म्हणतो ना! आख्खी मॅच तुझी. बोट वर करायला मी उभा हाय हितं."

"आन कोणापुढं जिंकू मास्तर? जरा बघा की इकडं." धर्माजीनं हात फिरवला. स्लिप रिकामी होती. थर्डमॅन नव्हता. आंबेगावचे आठच जण मैदानावर होते. "माझी तिघं बी त्याच लीगला गेलीत. मला तर फोन सुदिक केला न्हाई. तुमचं पोरगं निदान सांगाया तरी आलं."

"मग रडत बसू नको. अपील कर, मोकळा हो."

"अपील केलं की मॅच संपली. पुढल्या साली ही आठ बी येनार न्हाईत. मी न्हाई संपवनार. तुमाला संपवायची तर संपवा."

"पंच अपील करतो व्हय रं गाढवा?"

गेणभाऊ रिकाम्या टोकाला गेले. त्यांनी बॅट क्रीजवर आपटली, लाकूड कोरडं वाजलं. मग तीच बॅट वाकून नीट आडवी ठेवली, पातं रेषेच्या आत.

"मास्तर," पलीकडून ज्ञानेश्वर म्हणाला, "मी पॅड काढू का? दुपारचं दूध उचलायचंय मला."

"हात लावून बघ पॅडला."

ज्ञानेश्वरनं हात मागे घेतला. गोलंदाज चेंडू मांडीवर घासत आपल्या खुणेपाशी उभा राहिला.

साडेदहाला एका क्षेत्ररक्षकाच्या खिशातल्या मोबाइलवर आण्याची मॅच सुरू झाली. हिंदीतून कुणीतरी ऋषीचं नाव ओरडत होतं. गेणभाऊंनी तिकडे पाहिलं नाही. ते यष्टींमागे आपल्या जागी उभे होते.

सव्वाअकरापर्यंत अपील झालेलं नव्हतं.