माळ्यावरची ज्युदित

"आज कुणाला धरलं?" ज्युदितनं विचारलं.

पेरीननं सुपाचा वाडगा तिच्यापुढे ठेवला. "पाववाल्याला. बायकोसकट नदीत लोटलं."

ज्युदितनं वाडगा बाजूला सारला. फ्रान्समधल्या रुआँ शहरात तिच्या ह्यूगनो या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांची कत्तल सुरू झाली, त्या दुपारी शेजारच्या कॅथलिक पेरीननं तिला हाताला धरून आपल्या माळ्यावर चढवलं होतं. ज्युदितचा नवरा एली, हातमोजे शिवणारा, त्या गर्दीत गेला तो गेलाच. माळ्याला खिडकी नव्हती. ज्युदितनं दोन हिवाळे तिथेच काढले होते.

"राजाला दया येत नाही का, मावशी?"

"राजा म्हणजे पोरगं आहे गं. आई बोलते, तो मान डोलावतो." पेरीन तिचे केस विंचरू लागली. पेरीनची एकुलती लेक प्लेगनं गेली होती. ज्युदितच्या अंगात त्या लेकीचाच झगा होता. "मी आहे तोवर तुला कुणी नेणार नाही."

एके सकाळी पेरीन वर आलीच नाही. ज्युदितनं हाका मारल्या, मग भीत भीत शिडी उतरली. पेरीन तापानं फणफणत पडली होती. ओठ सुकलेले, घडा कोरडा.

डोक्यावरून शाल ओढून ज्युदित विहिरीवर गेली. बायका हसत-खिदळत पाणी भरत होत्या. एक जण चक्क ह्यूगनोंचं स्तोत्र गुणगुणत होती. ज्युदितनं तिची बाही ओढली.

"हळू! कुणी ऐकेल!"

"ऐकू दे की! दोन्ही पंथांचा तह होऊन वर्ष उलटलं. राजानंच मुभा दिलीय. कुठल्या बिळातून आलीस गं तू?"

समोर तोच पाववाला, नदीत लोटलेला, फळीवर पाव रचत होता. त्याच्या पलीकडच्या दुकानात एली हातमोजा शिवत बसला होता.

एका तरुण बाईनं त्याच्या मांडीवर तान्हं मूल ठेवलं. "घ्या तुमच्या लेकीला, मला स्वयंपाक आहे." एली हसला. मग त्याचं लक्ष रस्त्यात थिजून उभ्या राहिलेल्या, शालीत तोंड लपवलेल्या बाईकडे गेलं.

"पाणी सांडतंय, बाई," तो म्हणाला.

ज्युदित घरी परतली. तिनं पेरीनचं डोकं उचलून तिला पाणी पाजलं. पेरीनचे डोळे भीतीनं विस्फारले होते.

"बाहेर गेली होतीस? काय... काय पाहिलंस?"

ज्युदितनं दाराला आतून कडी घातली.

"अजून मारतायत, मावशी," ती म्हणाली, आणि माळ्याची शिडी चढू लागली.