सोनटक्के हॉटेलचा स्टॉप

दोन बस बदलून सोनटक्के जुन्या डॉक्टरांकडे निघाले होते. मांडीवर रिपोर्टांची पिशवी ठेवून त्यांनी नेहमीसारखे डोळे मिटले. स्टॉप आला की कंडक्टर "चला, सोनटक्के हॉटेल" असं ओरडायचा आणि ते उठायचे. मेट्रोच्या खांबासाठी त्यांचं हॉटेल पाडलं, ते स्वतः शहराच्या पार टोकाला राहायला गेले, तरी स्टॉपचं नाव तेवढं टिकलं होतं.

आजची बस मात्र नवी होती. स्टॉपची नावं रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज सांगत होता. सोनटक्क्यांना जाग आली तेव्हा बस पुढच्या पुलावर होती.

"सोनटक्के हॉटेल गेलं का?"

"त्याला आता मेट्रो स्टेशन म्हणतात, काका. मघाशीच गेलं," कंडक्टर म्हणाला.

दुखऱ्या गुडघ्यांनी ते धूळ खात मागे चालत आले. खांबापाशी बॅग घेतलेली एक मुलगी इकडेतिकडे बघत होती.

"आजोबा, सोनटक्के हॉटेल कुठं आहे? मैत्रीण म्हणाली, तिथंच थांब."

सोनटक्क्यांनी खांबाला पाठ टेकवली. "इथंच थांब," ते म्हणाले. "आज बंद आहे."