समन्स घेणारा माणूस

"तुमच्या उद्योगाच्या नावाने येणारे कोर्टाचे कागद आता कोण घेणार?" वकीलबाईंनी विचारलं.

हेमांगी साबण बनवून विकायची; त्या साबणाला दिलेलं आईचं नाव तिला यापुढे वापरता येणार नव्हतं. ते नाव आपलं असल्याचा दावा एका कंपनीने कोर्टात दाखल केला आणि हेमांगी तारखेला हजर नसल्याने निकाल एकतर्फी लागला. हजर राहणार तरी कशी? ती प्रदर्शनांसाठी बाहेरगावी असताना तिच्या नवऱ्याने, सतेजने, समन्स सही करून घेतलं आणि कपाटात ठेवून दिलं. "तू दमली होतीस, म्हटलं नंतर सांगू," एवढंच त्याचं म्हणणं.

"आपण निकालाविरुद्ध अर्ज करू," वकीलबाई म्हणाल्या. "पण आधी माणूस ठरवा. कागद आला की लगेच तुम्हाला कळवणारा."

"माझंच नाव राहू द्या," सतेज म्हणाला.

"नको. मीनाक्षीताईंचं लिहा," हेमांगी म्हणाली. मीनाक्षीताई म्हणजे शेजारीच राहणारी तिची नणंद. वाईट बातमी त्यांच्या पोटात तासभरही राहत नसे आणि त्यांच्या याच सवयीचा हेमांगीला आजवर वैताग यायचा.

सतेज चमकला. "ताई? ती गावभर सांगत सुटेल."

"सुटू देत. निदान मला तरी कळेल."

"अगं, मी तुझ्या काळजीपोटीच लपवलं ना?"

"हो. आणि पुन्हा काळजी वाटली की पुन्हा लपवशील."