वाइनबरोबर कोथिंबीर वडी

नाशिकच्या वायनरीत मृण्मयीने स्वतः तळलेल्या कोथिंबीर वड्या पाहुण्यांपुढे सरकवल्या. "आंबटसर, हिरव्या वासाच्या या पांढऱ्या वाइनबरोबर खाऊन तर बघा." लोकांना आवडल्या तर वड्या मेन्यूत, नाहीतर चीजच, असं साहेबांनी बजावलं होतं.

"आज संकष्टी गं. वडी कशी खाणार?" पाहुण्यांतल्या कुमुदकाकू म्हणाल्या. मृण्मयीने कोपऱ्यात उभ्या साहेबांकडे पाहिलं. "वाइन ओत मात्र," काकूंनी ग्लास पुढे केला. "द्राक्षांचीच तर आहे."

हे सगळ्या ग्रुपला पटलं. फलाहार रंगत गेला, वड्या निवत गेल्या.

"उगवला, उगवला," एकच गलका झाला. काकूंनी दोन्ही चंद्रांना मनोभावे हात जोडले, वडी तोंडात टाकली, वर वाइनचा घोट घेतला आणि साहेबांना दरडावलं, "उपास सोडायला याहून चांगलं काही नाही. दर संकष्टीला ठेवा."