ओल्या हाताने

"जरा पानी देना," गुणवंतराव म्हणाले.

जिग्नेशभाईंनी काउंटरखालून बाटली काढून दिली. गुणवंतरावांनी ती तोंडाला लावली नाही. बोटांवर थोडं पाणी ओतून घेतलं आणि समोरच्या फळीवर नमुन्याला लावलेली गोल स्टीलची मूठ ओढून बघितली. बोटं घसरली. शेजारची ओढली, तीही घसरली.

"अंकल, ये क्या कर रहे हो?"

"किचन में सूखा हाथ किसका रहता है?"

जिग्नेशभाई हसले. म्हणाले, भाईंदरमध्ये इतकी वर्षं दुकान चालवतोय, पण असं बघून घेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलं.

शेजारी उभ्या त्यांच्या बायकोची, मनोरमाबाईंची, छाती फुगली. हा माणूस साधी छत्री घ्यायची तरी दुकानातच उघडून तिच्याखाली उभा राहायचा. त्याच्या या चिकित्सेपायी त्यांनी किती दुकानांतून मान खाली घालून काढता पाय घेतला होता. आज मात्र तीच खोड डोळे भरून बघत राहावीशी वाटत होती. त्यांना वाटलं, डॉक्टर काहीतरीच बोलतात. माणूस तर चांगला शाबूत आहे.

"हे छान आहे," एका रुंद, वाकड्या हँडलवर हात ठेवून गुणवंतराव म्हणाले. "कुणाच्या घरी लावायचंय?"

"आपल्याच, बाबा," रसिका म्हणाली. ती त्यांची मुलगी.

"हो, हो. आपल्याच." ठाऊकच होतं अशा थाटात त्यांनी मान हलवली. हे सावरून घेणं त्यांना अजून फार सफाईने जमत होतं.

इंद्रलोकमधल्या त्यांच्या फ्लॅटवर सुतार नव्या किचनची दारं बसवून हँडलसाठी खोळंबला होता, हे खरंच. पण हँडल हे निमित्त होतं. खरी काळजी सिंकखालच्या कपाटाची होती. गेल्या महिन्यात गुणवंतरावांनी तिथली लादी पुसायच्या लिक्विडची बाटली काढली, लिंबाचा वास आला म्हणून पेल्यात ओतली आणि सरबत समजून प्यायले. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर त्यांनी विचारलं, मला काय झालं होतं? मनोरमाबाई म्हणाल्या, पित्त. कपाटाला लॉक बसवायचं, तेही त्यांना न कळता, असं मायलेकींचं ठरलं होतं. पण आता त्यांना घरी एकटं ठेवायची सोय राहिली नव्हती, म्हणून बरोबर आणावं लागलं.

ते हँडलांत गुंतलेले बघून रसिका हळूच म्हणाली, "भाई, चाइल्ड लॉक है क्या?"

"है ना. बच्चा कितना बड़ा है?"

रसिका आईकडे बघायला लागली.

"दो साल का," मनोरमाबाईंनी ठोकून दिलं. "नातू है हमारा. बहुत मस्ती करता है."

"अरे वा. नाम क्या रखा?"

"साहिल."

फळीवरचा गुणवंतरावांचा हात थांबला. ते वळून बायकोकडे बघत राहिले. रसिकाचं लग्न झालेलं नव्हतं आणि तिच्याखेरीज त्यांना दुसरं मूल नव्हतं. एवढं तरी हे विसरले असू देत, असं मनोरमाबाईंच्या मनात आलं. आणि आलं तशी त्यांना स्वतःचीच चीड आली.

जिग्नेशभाईंनी वीत-वीतभराच्या लाकडी दारांवर नमुन्याला बसवलेली लॉक काउंटरवर मांडली, तेव्हा गुणवंतरावांनी ती आपल्याकडे ओढून घेतली. बोटं पुन्हा ओली केली. पहिलं लॉक दाबल्याबरोबर उघडलं. त्यांनी ते बाजूला सारलं. दुसऱ्याचं बटण खालच्या अंगाला होतं. त्यांनी चाचपून ते शोधून काढलं, खट् आवाज झाला. तेही बाजूला गेलं. मनोरमाबाईंना भारी आनंद झाला. आपण इथे कशाला आलोय याचं त्यांना भान राहिलं नाही. उघडा, उघडा, एवढंच त्या मनात म्हणत होत्या.

तिसरं दोन्ही बाजूंनी एकदम चिमटीत धरून वर ढकलायचं होतं. गुणवंतरावांनी ते दाबलं, ओढलं. शर्टाला बोटं पुसून पुन्हा ओढलं. मग नखाने उचकटायला गेले. त्यांच्या कपाळावर घाम आला. रसिकाने तोंड फिरवलं आणि रस्त्यावरच्या रिक्षा बघत उभी राहिली.

"अंकल, ऐसे नहीं, दोनों साइड से..."

"दिखाना मत," गुणवंतराव म्हणाले.

जिग्नेशभाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. गुणवंतराव आणखी थोडा वेळ झटापट करत राहिले. शेवटी मनोरमाबाईंना ते बघवेना. त्यांनी नवऱ्याच्या कोपराला हात लावला.

"अहो, राहू द्या ते. दुसरं बघू. हे तर उघडतच नाहीये."

गुणवंतरावांनी हात आवरले. ते लॉक त्यांनी उघडलेल्या दोन्हींच्या बाजूला ठेवलं नाही. जिग्नेशभाईंच्या पुढ्यात सरकवलं.

"ये दे दो," ते म्हणाले. "ये मेरेसे नहीं खुलता."