नवव्या बोटीचं इंजिन

इंजिन थंड होतं. मेकॅनिकबाईंनी त्यावर तळहात ठेवला, मग उलटा हात ठेवला, पुन्हा तळहात ठेवला. थंडच. त्यांना एकदम बरं वाटलं.

बोट विकणारे काय करतात, गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तासभर चालवून ठेवतात. तापलेलं इंजिन कोणाच्याही हाताने पटकन सुरू होतं. त्याचा दमा कळतो तो ते थंड असताना. बसडेपोत बावीस वर्षं डिझेल इंजिनांच्या पोटात हात घालून बाईंना एवढं तरी कळलं होतं.

"थंड आहे," त्या म्हणाल्या.

टोपीवाल्या काकांनीही वाकून हात लावला. "थंडच हवं."

माणूस सरळ दिसतोय, बाईंच्या मनात आलं.

दलालाने दहाची वेळ दिली होती. बोट उघडीच असेल, बाकीचं मालकांशी तिथंच बोला, असं तो फोनवर म्हणाला होता. बाई अंगात डेपोचा तेलकट बॉयलर सूट आणि खांद्याला हत्यारांची पिशवी अशा थाटात पावणेदहालाच धक्क्यावर पोचल्या. तर काका त्यांच्याही आधी येऊन बोटीवर बसलेले. डोक्यावर कप्तानासारखी पांढरी टोपी, गुडघ्यावर वही.

"या ताई, तुमचीच वाट बघत होतो. इंजिनापासूनच सुरुवात करू या ना?"

नमनाला घडाभर तेल नाही. बाईंना आवडलं.

खरं तर त्यांना सगळंच आवडत होतं आणि तीच पंचाईत होती. दुसऱ्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं गेली, आता एक स्वतःचं हवं होतं, पाण्यावर चालणारं. तीन वर्षांत आठ जुन्या यॉट बघून झाल्या. कुठे तेल दुधाळ, म्हणजे आत पाणी शिरलेलं. कुठे गंजावर नुसता रंग मारलेला. आठवी मात्र चांगली होती. 'विचार करून सांगते' म्हणून बाई घरी गेल्या आणि तोवर दुसऱ्याच कोणीतरी ती उचलली. त्या रात्री त्या जेवल्या नव्हत्या.

आज निघताना नवऱ्याने बजावलं होतं, "तुझा चेहरा म्हणजे काचेचं कपाट, आतलं सगळं दिसतं. बोट आवडली तरी चकार शब्द काढू नकोस. नुसते दोष काढ."

"आणि दोष नसले तर?"

"माझ्यात काढतेस तसे काढ."

म्हणून बाई दोष काढायच्या मागे लागल्या होत्या. केबिनच्या पायऱ्या उचलल्या की खाली इंजिन. त्या पायऱ्या कुठून उचलायच्या हेच मुळी काकांना सापडत नव्हतं, शेवटी खटका बाईंनीच शोधला. बोट बाळगायची आणि इंजिनाचं तोंड बघायचं नाही, असे महाभाग त्यांना नवे नव्हते.

"हा पट्टा झिजलाय. बघा, खाली काळी भुकटी पडलीय."

"खरंच की." काकांनी वहीत टिपलं.

"हा पाण्याचा पाइप कडक झालाय. आज ना उद्या तडकणार."

"तडकणारच," म्हणत काकांनी तेही टिपलं.

वाद नाही, सारवासारव नाही. टिपलेलं सगळं दुरुस्त करून देणार असतील. एवढ्यात काकांनी आपण होऊन एका कोपऱ्यावर टॉर्च मारला.

"इथंही ओलसर दिसतंय, नाही का हो ताई?"

बाई थक्क झाल्या. आपल्याच मालातली खोट गिऱ्हाइकाला दाखवणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता. "ते काही विशेष नाही हो, एक नट आवळला की झालं," त्या बोलून गेल्या आणि नवऱ्याची आठवण होऊन त्यांनी जीभ चावली. काका खुशीत मान डोलवत होते.

"सुरू करून बघू या?" त्यांनी विचारलं.

"बघायलाच हवं."

"मग तुम्हीच करा. मी मागे धूर बघतो."

किल्ली लावलेलीच होती. बाईंनी श्वास रोखून ती फिरवली आणि इंजिनाने पहिल्याच हाकेला ओ दिली. ना खोकला, ना कुरकुर.

"थोडा पांढरा आला," मागून काका ओरडले. "गेला. आता काहीच नाही. इंजिन थंड करणारं पाणीपण बाहेर भरपूर पडतंय."

बाईंनी इंजिनाला जवळजवळ कान लावला. ठोका एकसारखा. तेलाचं झाकण काढून पाहिलं, वाफ नाही, फुसफुस नाही. हजारभर इंजिनं ऐकली असतील त्यांनी, पण इतकं गुणी एखादंच. त्यांना अक्षरशः नाचावंसं वाटत होतं. दहा मिनिटांनी त्यांनी इंजिन बंद केलं आणि किल्ली सवयीने बॉयलर सूटच्या खिशात टाकली. डेपोत किल्ली गाडीला राहिली की साहेब बोलायचे.

आता विचार करून सांगते वगैरे काही नाही. आठव्या बोटीसारखं पुन्हा होऊ द्यायचं नाही. नवरा काय म्हणायचं ते म्हणो. बाई दोन उड्यांत वर आल्या.

काकांचा चेहराही फुलला होता. त्यांनी वही मिटून छातीशी धरली. बोट जाणत्या हातात पडणार म्हणून म्हाताऱ्यालाही भरून आलं असेल, बाईंना वाटलं.

"काका, खरं सांगू का?" त्यांनी सुरुवात केली.

"थांबा ताई, आधी मी बोलतो." काकांनी टोपी काढून हातात घेतली. "पुष्कळ बोटी बघितल्या मी. पण स्वतःच्या बोटीचे दोष असे एकेक करून दाखवणारी मालकीण आजच भेटली. बाकी काही विचारायचं नाही मला, बोट मी घेतली. तुमच्या खिशातली किल्ली तेवढी द्या."