परत टाकायला मिळणार

"चारात एक, म्हणाले ना डॉक्टर? तो एक आपल्याकडे येऊन गेला. आता पोटातल्याची तपासणी कशाला?" सासूबाई म्हणाल्या. सिकलसेलनं ठणकणारे पाय पसरून नातू त्यांच्या मांडीवर पडला होता.

सुनेनं त्याच्या खेळातले दोन फोडलेले, एका बाजूनं काळे नि दुसऱ्या बाजूनं पांढरे चिंचोके त्यांच्या हातात दिले. "एक माझा, एक यांचा. दोन्ही काळे पडले तर बाळ आजारी. टाका, आई."

दोन्ही काळे पडले.

"हा आपला राजा. आता पोटातल्यासाठी टाका."

"काळं येऊन गेलं, आता कसलं येतंय!" सासूबाईंनी बिनधास्त टाकले.

पुन्हा दोन्ही काळे.

"सगळे काळे!" खेळात सगळे काळे पडले की आणखी एक डाव मिळतो, म्हणून नातवानं टाळ्या पिटल्या. "आजी, तुला परत टाकायला मिळणार!"

आजीनं चिंचोके उचललेच नाहीत.